कोठावदे मॅडमची दोन बेटं

कोठावदे मॅडम स्टाफरूममध्ये शिरल्या की पर्स टेबलावर ठेवायच्या आधी विचारायच्या, "धाकट्याची काही खबर?" मी कॉलेजात नवी लागले तेव्हा पहिले चार दिवस मला वाटलं, यांचा धाकटा भाऊ किंवा मुलगा आजारी असावा. पाचव्या दिवशी धीर करून मी विचारलं, "मॅडम, आता बरं आहे का त्यांना?" सगळी स्टाफरूम हसली. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी मला भिंतीवरच्या जगाच्या नकाशापाशी नेलं, चष्मा कपाळावर चढवला आणि निळ्याशार समुद्रात पेनाच्या टोकाने एक ठिपका दाखवला. "हा धाकटा. आणि तो तिकडे, थोरला. दोन्ही स्वतंत्र देश आहेत. झेंडा, संसद, अर्थमंत्री, सगळं आहे. शाळांवर दोघं किती खर्च करतात ते मी बघते." त्या देशांची खरी नावं मी इथे लिहीत नाही. मॅडमनीच शेवटी तसं बजावलं होतं. जे झालं त्यात त्या बेटांचा काही दोष नव्हता, असं त्यांचं म्हणणं.

मॅडम सटाण्याच्या. वडील तिथल्या एका शाळेत शिपाई होते. घंटा द्यायची, पाणी भरायचं, आणि परीक्षेच्या दिवसांत कोण आलं नाही ते बघून त्याच्या घरी जायचं, ही त्यांची कामं. मॅडम अर्थशास्त्राच्या प्राध्यापिका झाल्या, नाशिकला गंगापूर रोडला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला, लग्न केलं नाही. कडक इस्त्रीची सुती साडी आणि खाली पांढरे स्पोर्ट्स शूज, असा वेश. बोलणं एकदम शुद्ध. पण एखाद्या मुलाने प्रबंधात दुसऱ्याचं उचलून घातलेलं सापडलं की कागद त्याच्यासमोर धरून म्हणायच्या, "हाई काय शे?" ते सटाण्याचं अहिराणी 'शे' ऐकलं की वर्ग गार व्हायचा.

बेटंच का, हे मी त्यांना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "देश मोठा असला की खोट्याला लपायला जागा मिळते. बेटावर लपणार कुठे? किती शाळा, किती मास्तर, किती पोरं, सगळं ओंजळीत मावतं." वीसेक वर्षं त्या ती ओंजळ धरून बसल्या होत्या. दोन्ही देशांची बजेटं दरवर्षी मागवायच्या, सुरुवातीला टपालाने, पुढे इंटरनेटवरून. तिथल्या कुणाकुणाशी त्यांचा पत्रव्यवहार होता.

दोन्ही देशांत मुलं लहान लहान बेटांवर विखुरलेली. धाकट्याने प्रत्येक बेटावर शाळा ठेवली होती, नऊ पोरं असली तरी. थोरल्याने लहान शाळा बंद करून मुख्य बेटावर एक मोठी, देखणी शाळा बांधली होती. सकाळी होड्या पोरांना घेऊन यायच्या, दुपारी सोडायच्या. मॅडमचा कल उघडच थोरल्याकडे. "धाकटा माया करतो, सुजाता. थोरला विचार करतो," त्या म्हणायच्या. थोरल्याचा दर मुलामागचा खर्च कमी होता आणि निकाल वरचढ. यावर त्यांनी एक पेपर लिहिला. त्यातले आलेख मी काढले. दोन रेघा, एक खाली जाणारी, एक वर जाणारी. इतका स्वच्छ आलेख मी आयुष्यात काढला नव्हता.

तो पेपर कुणी वाचेल असं आम्हाला वाटलं नव्हतं. पण वाचला. मॅडमचा एक जुना विद्यार्थी आता सरकारी कचेरीत मोठ्या खुर्चीवर होता. त्याचा फोन आला, "मॅडम, कमी पटाच्या शाळांवर बैठक आहे. तुमचं थोरलं-धाकटं आमच्या लोकांना समजावून सांगाल का?" मॅडम बैठकीच्या दिवशी नवी साडी नेसल्या. मीही बरोबर होते. हॉल भरलेला, एसी चालू, मॅडम अर्धा तास बोलल्या आणि टाळ्या झाल्या. मग त्या विद्यार्थ्याने स्वतःची एक स्लाइड लावली. आपल्या पश्चिमेकडचा डोंगराळ भाग होता, त्र्यंबकच्या पलीकडचा, आणि त्यावर पाड्यांचे ठिपके. नकाशातला डोंगरांचा हिरवा रंग त्याने काढून टाकला होता आणि सगळीकडे निळा भरला होता. ठिपक्याठिपक्यांची बेटं झाली होती. लोक कौतुकाने हसले. मला काय वाटलं ते तेव्हा नीट सांगता आलं नसतं. मी हसले नाही एवढं खरं. मॅडमना शाल आणि नारळ मिळाला. परतताना नारळ मांडीवर घेऊन त्या म्हणाल्या, "आयुष्यात पहिल्यांदा माझा एखादा पेपर कपाटाबाहेर पडला."

दोन महिन्यांनी स्टाफरूमच्या दाराशी एक गृहस्थ येऊन उभे राहिले. गावित गुरुजी. हरसूलच्या पुढे एका पाड्यावरची शाळा ते एकटे चालवत होते. पहिली ते पाचवी, अकरा मुलं. बंद होणाऱ्या शाळांच्या यादीत तिचं नाव होतं. मुलांनी आता ओहोळापलीकडच्या मोठ्या शाळेत जायचं होतं. गुरुजींनी मॅडमच्या पेपरची झेरॉक्स आणली होती, घडी घालून घालून मऊ झालेली.

"मॅडम, वाचला मी. इंग्रजी आहे, पण वाचला. एक विचारू का?"

"विचारा की."

"तुमच्या बेटांच्या भोवती पाणी बारा महिने असतं. म्हणून तिथं होडी असते. आमच्याकडे पाणी चार महिने असतं. म्हणून होडी नाही, पूलही नाही. पोरांनी जायचं कसं?"

"बस लावणार आहेत ना, गुरुजी."

"बस पलीकडच्या काठाला येते."

मॅडम म्हणाल्या, "प्रत्येक बदलाला सुरुवातीला थोडा त्रास होतो." गुरुजींनी मान हलवली. वाद घातला नाही. चहा प्यायले, कप विसळून ठेवला आणि जाताना म्हणाले, "येऊन बघा एकदा. पावसाच्या आत या." मॅडमनी पुस्तक उघडलं, पण पान उलटलं नाही.

त्याच संध्याकाळी त्यांनी थोरल्या बेटावरच्या एका निवृत्त मुख्याध्यापिकेला ईमेल केली. या बाईंशी त्यांची जुनी ओळख. प्रश्न दोनच होते. होड्यांचा खर्च शिक्षणाच्या बजेटमध्ये कुठे दाखवला आहे? आणि वादळाच्या महिन्यांत होड्या बंद असतात तेव्हा पोरं काय करतात? वीस वर्षांत हे त्यांनी विचारलं नव्हतं. उत्तर आठवड्याने आलं. मॅडमनी मला बोलावून स्क्रीनसमोर बसवलं आणि स्वतः खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

त्या बाईंनी साध्या इंग्रजीत लिहिलं होतं. होड्यांचा खर्च बंदर खात्याकडे असतो, शिक्षणात तो कधीच धरत नाहीत. वादळाच्या दिवसांत दूरच्या बेटांवरची पोरं येत नाहीत. फार दिवस आली नाहीत की त्यांचं नाव पटावरून काढतात. परीक्षेला उरतात ती जवळची, चांगल्या घरची. म्हणून निकाल चांगला. शेवटी एक ओळ होती: तुम्हाला हे माहीत असेल असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

मी मॅडमकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. म्हणाल्या, "आमच्या शाळेत गैरहजर पोराच्या घरी माझा बाप जायचा. पायी. मी कधी कुणाच्या घरी गेले, सुजाता?"

दुसऱ्या दिवशी आम्ही कचेरीत गेलो. तो विद्यार्थी उठून उभा राहिला, खुर्ची पुढे केली, चहा मागवला. माणूस वाईट नव्हता, हे मुद्दाम सांगते.

"तो पेपर चुकीचा आहे," मॅडम म्हणाल्या. "आदेश थांबव."

"मॅडम, आदेश निघालाय."

"मागे घे."

"कसा घेऊ? तुमचाच पेपर जोडलाय त्याला. वर सगळ्यांना आवडलाय."

"अरे, चूक आहे त्यात. मोठी."

"कुणाला सापडली?"

"मला."

तो त्यांना धीर द्यावा तसं हळू आवाजात म्हणाला, "म्हणजे अजून कुणाला कळलेलं नाही. काळजी करू नका, मॅडम."

जिना उतरताना मॅडमनी माझा दंड धरला. आधी कधी धरला नव्हता. त्यानंतर त्यांनी तीन पत्रं पाठवली, चूक कुठे आहे ते परिच्छेद लावून दाखवलं. तिन्हींची पोच आली. उत्तर आलं नाही. ज्या मासिकाने पेपर छापला होता त्यांनाही कळवलं. पुढच्या अंकात बघू, असं ते म्हणाले.

मे महिन्यात मॅडम निवृत्त झाल्या. निरोप समारंभाला त्यांनी नकार दिला. जून लागला आणि मला कळलं की त्यांनी फ्लॅटला कुलूप लावून गावित गुरुजींच्या घरी मुक्काम टाकला आहे. गुरुजींची बदली पलीकडच्या मोठ्या शाळेत झाली होती. ओहोळाला पाणी चढलं की येता येत नाही म्हणून पावसाळ्यापुरते ते तिकडेच राहत. पाड्यावर त्यांच्या पत्नी, म्हातारी आई आणि आता कोठावदे मॅडम. मी फोन केला तर म्हणाल्या, "काही नाही गं. सकाळी पोरांबरोबर ओहोळापर्यंत जाते. पाणी बघते. बरं असलं तर पार करून देते. नसलं तर परत आणते. एवढंच काम आहे." साठी गाठलेली बाई, डावा गुडघा धड नाही. मी म्हटलं, "किती दिवस करणार?" त्या म्हणाल्या, "पाऊस जाईपर्यंत. पुढचं पुढे."

श्रावणातल्या एका शुक्रवारी मी तिकडे गेले. पाऊस तीन दिवस खळला नव्हता. घरात नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी होती. गुरुजींची पत्नी सारखी दारात जाऊन कान देत होती. मॅडम शांत होत्या. त्यांनी एक मळकी वही दाखवली, त्यात रोजचं पाणी लिहिलेलं. घोटा, पोटरी, गुडघा. गुडघा लिहिलेल्या दिवसांपुढे 'परत' असा शब्द होता.

शनिवारी सकाळची शाळा. डोक्यावर प्लॅस्टिकची इरली घेतलेली अकरा पोरं एका रांगेत आणि पुढे छत्री घेतलेल्या मॅडम. ओहोळ दिसायच्या आधीच ऐकू आला. पाण्याचा खळखळाट नव्हताच तो. तळाशी मोठाले दगड गडगडत होते, जमिनीखालून कुणी जातं ओढावं तसे. पाणी चहासारखं लाल. मॅडमनी छत्री आडवी धरली.

"आज नाही."

"बाई, आज चाचणी हाय," एक मुलगी म्हणाली.

"असू दे."

"सर गैरहजरी टाकतील."

"टाकू देत. मी बोलेन त्यांच्याशी."

पलीकडे झाडीतून बसचा हॉर्न वाजला. दोनदा वाजला. मग इंजिनाचा आवाज दूर गेला. पोरं हिरमुसून मागे फिरली, आणि थोडं चालल्यावर चिखलात उड्या मारायला लागली. मॅडमच्या चेहऱ्यावर मला त्या सबंध वर्षात पहिल्यांदा बरं वाटल्याची खूण दिसली. "चल," त्या म्हणाल्या, "घरी जाऊन आल्याचा चहा करू."

दुपारी खालच्या पाड्याचा एक माणूस धावत आला. तो दारातूनच सांगू लागला. त्यांच्याकडच्या दोन चुलत बहिणी सकाळी शाळेला निघाल्या होत्या. त्याच ओहोळावर, अर्धा कोस खाली. तिथे पात्र रुंद, पाणी वरून संथ दिसतं. थोरली करंजाच्या मुळाला धरून राहिली. धाकटी हातातून सुटली.

मॅडमनी विचारलं, "खालच्या पाड्याला शाळा होती ना?"

"व्हती ना, बाई. ती बी बंद केली. तुमच्या शाळेसंगंच."

यादी मॅडमनी पाहिली होती. शाळेचं नाव वाचलंही होतं. पण ती पोरं कुठून जातील, हे त्यांच्या मनात आलं नव्हतं. त्या ओल्या अंगणात तशाच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मी एकाच वाटेवर उभी होते." मुलगी तिसऱ्या दिवशी सापडली. वनिता तिचं नाव. चौथीत होती.

दहाव्यानंतर मॅडम तिच्या घरी गेल्या. मी बरोबर होते आणि न जाण्याबद्दल मी त्यांना पुष्कळ सांगून पाहिलं होतं. कुडाचं घर, दारात कोंबड्या. वनिताची आई सोनीबाई चुलीपाशी बसली होती. तिने आम्हाला घोंगडी अंथरून दिली. मॅडम घोंगडीवर बसल्या नाहीत, खाली जमिनीवर बसल्या.

"सोनीबाई, ती शाळा बंद झाली ना, ती माझ्यामुळे. मी कागदावर लिहिलं होतं तसं करा म्हणून. ते चुकीचं होतं."

सोनीबाईला कळेना. ती माझ्याकडे बघायला लागली. मग तिने तांब्याभर पाणी मॅडमपुढे ठेवलं आणि म्हणाली, "तुमी कशाला वो, बाई. तुमी तं वरल्या पोरान्ला रोज सांभाळीत व्हत्या. पाणीच लय व्हतं."

मॅडम पुन्हा म्हणाल्या, "नाही, ऐका माझं. माझ्यामुळे झालं."

"पाणी प्या, बाई," सोनीबाई म्हणाली.

त्यांना ते पाणी पिता आलं नाही. तांब्या तसाच राहिला. एवढी शिकलेली बाई त्या मातीच्या जमिनीवर आपली चूक कुणीतरी पदरात घ्यावी म्हणून बसली होती, आणि जिचा हक्क होता ती घेत नव्हती. रागावली असती तर मॅडम कदाचित सावरल्या असत्या.

चौकशी झाली. अतिवृष्टी, असं कारण निघालं. वर्तमानपत्रांत चार दिवस फोटो आले, आणि मग एकाएकी दोन्ही पाड्यांच्या शाळा पुन्हा उघडल्या. गावित गुरुजी आपल्या जुन्या खोलीत परत आले. त्या दिवशी त्यांनी मॅडमना बोलावलं होतं. मॅडम तोवर नाशिकला फ्लॅटवर परतल्या होत्या, त्या गेल्या नाहीत. संध्याकाळी मी त्यांच्याकडे असताना त्या विद्यार्थ्याचा फोन आला. फोन स्पीकरवर होता, म्हणून मी ऐकलं. "मॅडम, शेवटी तुमच्या मनासारखं झालं बघा," तो म्हणाला. मॅडमनी फोन बंद केला आणि उशीखाली सरकवला, जणू तो पुन्हा बोलेल याची भीती होती.

त्या सटाण्याला भावाकडे राहायला गेल्या. बेटांची बजेटं मागवणं बंद झालं. मी दिवाळीनंतर भेटायला गेले तेव्हा खाटेवर पडून होत्या. छातीत पाणी झालं होतं, डॉक्टरांनी हलू नका सांगितलं होतं. भावाच्या सुनेने मला आत नेलं. मॅडम फार वाळल्या होत्या, पण नजर तीच.

"मासिकाने छापलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"छापणार नाहीत. आता असं कर. तो पहिला पेपर तू वर्गात शिकव. माझं नाव घालून. बेटांची नावं गाळ, माझं गाळू नकोस. आणि चूक कुठे आहे ते सांगायचं नाही. त्यांना शोधू दे."

"आणि नाही सापडली तर?"

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाल्या, "मग त्यातले काही जण पुढे खुर्चीवर बसतील." थंडी संपायच्या आत त्या गेल्या.

यंदा मी तो पेपर एम.ए.च्या पहिल्या वर्षाला वाटला. त्याच दिवशी सकाळी आमच्या प्राध्यापकांच्या ग्रुपवर कुणीतरी एक बातमी टाकली होती, कमी पटाच्या शाळांची नवी यादी तयार होत असल्याची. खाली तीन जणांनी अंगठे दाखवले होते. वर्गात मी म्हटलं, शांतपणे वाचा आणि सांगा, दोघांतलं कुणाचं धोरण बरोबर. वीस मिनिटं नुसता पानांचा आवाज. मग हात वर झाले. थोरला, मॅडम. थोरलाच. खर्च कमी, निकाल चांगला. पहिल्या बाकावरचा एक हुशार मुलगा उभा राहिला. म्हणाला, "मॅडम, हे आपल्याकडे लागू करायला हवं. किती स्वच्छ मांडलंय."

"कुणाला काही शंका?" मी विचारलं.

कुणालाच नव्हती. तास संपल्याची घंटा झाली. बॅगांच्या चेन ओढल्या गेल्या, मागचे दोघं उठले. बाहेर पुढच्या तासाची मुलं दारात गोळा झाली होती. मी जाऊन दार आतून लावलं आणि त्याला पाठ टेकून उभी राहिले.

"कुणी जायचं नाही," मी म्हणाले. "पहिल्या पानापासून पुन्हा वाचा."